जितके फटके, तितकी देणगी

आमच्या अमरावतीत गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनेल बदलताना मध्येच लागतं ते. त्यामुळे चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी आपल्या वावरात गवत लावून सहा खड्डे खणले, तेव्हा आजूबाजूच्यांना वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं. पुढं त्याच वावरात सिकलसेलच्या संशोधनासाठी गोल्फची स्पर्धा घ्यायची टूम निघाली, आणि मला सूत्रसंचालनाला जुंपण्यात आलं. मी मराठीची शिक्षिका. माइक हातात आला की सोडत नाही, ही माझी ख्याती.

मी हो म्हटलं ते धाकट्या बहिणीसाठी. तिला सिकलसेल आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कुठंतरी अडकतात, आणि मग हाडं अशी ठणकतात की चांगलं धीराचं माणूस उशी चावतं. थंडी, दगदग, पाणी कमी पिणं, निमित्त काहीही पुरतं. अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंना हे दुखणं नेमकं कशानं उसळतं ते शोधायचं होतं, आणि त्यासाठी पैसा हवा होता. बहीणही अकोल्यातच एकटी राहते, शाळेत ग्रंथपाल आहे. जिभेनं ती माझ्याहून तिखट आहे, म्हणजे विचार करा.

समितीचं ठरलं की बहिणीला स्टेजवर बसवायचं, शाल पांघरायची, संत्र्यांची टोपली द्यायची, आणि मी तिच्या यातनांचं वर्णन करायचं. म्हणजे लोकांचे खिसे सैल होतील. मी तिला फोनवर हे सांगितलं.

"ताई, मले तिथं मांडवातल्या म्हातारीसारखं बसाचं नाही," ती म्हणाली. "मले खेळाचं हाय."

"थंडीत? येडी झाली का तू?"

"शाळेतबी तुमी मले मैदानाच्या कडेलेच बसवलं. पोट्टे खेळत अन् मी त्यायच्या चपला सांभाळत. एक डाव खेळू दे, मंग काय पांघरायचं ते पांघरा."

मी नाही म्हटलं. आई गेल्यापासून तिला नाही म्हणायचं खातं माझ्याकडंच आहे. ती "पाहू" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिचं 'पाहू' मला चांगलं ठाऊक आहे.

कर्नलसाहेबांनी नियम केला होता, की चेंडू खड्ड्यात जाईपर्यंत जितके फटके लागतील, तितक्या वेळा ठरलेली रक्कम खेळणाऱ्यानं देणगी म्हणून द्यायची. प्रमुख पाहुणे होते वरूडचे संत्र्याचे मोठे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण दात कोरून पोट भरणारा. चांगला खेळाडू चार फटक्यांत उरकतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. एवढ्या स्वस्तात पेपरात फोटो येणार म्हणून शेठजी खुशीत होते.

जानेवारीची सकाळ होती, वारा अंगात शिरत होता. बहीणही अकोल्याहून येऊन पोचली होती. आधी सत्कार झाले, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. आता खेळ सुरू होणार, तर कोणाला तरी आठवलं की मैदानाची पूजा राहिलीच. झालं. पहिल्या खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं, भोवती झेंडू मांडला आणि वर नारळ फोडला. पाणी सगळं खड्ड्यात. आम्ही पडलो बौद्ध, म्हणून आम्ही दोघी बहिणी मागं हात बांधून गंमत पाहत उभ्या. कर्नलसाहेबांचा चेहरा मात्र पाहवत नव्हता.

शेठजींचे चार फटके हवेतच संपले. नंतरचे किती गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अखेर चेंडू लागत-लागत खड्ड्याजवळ पोचला, आणि शेठजी थबकले. खाली बसून त्यांनी बूट काढले, मोजेही काढले. पूजा झालेल्या जागी पायताण घालून जायचं कसं? पाहुण्यांनी काढले म्हटल्यावर मागच्या सगळ्यांनी काढले. त्या वावरात गवतापेक्षा सराटे जास्त. बघता बघता शहरातली सगळी प्रतिष्ठित मंडळी एका पायावर आली. कर्नलसाहेब "बूट घाला, बूट घाला" करत फिरत होते, पण देवाच्या कामात त्यांचं कोण ऐकतं?

काटे काढायला सुई शोधत मी सुटले आणि माइक टेबलावर ठेवून गेले. तेवढ्यात स्पीकरवर बहिणीचा आवाज आला.

"शेठजी चेंडूपाशी उभे हायत. मारला. चेंडू जागचा हालला नाही, शेठजी हालले. फटका धरा. आता एक पाय वर घेतला. तो सराटा हाय मंडळी, त्याचा फटका धरू नका."

आता शेठजी चिडणार, देणगी जाणार आणि समिती मला खाणार. पण लोक पोट धरून हसत होते. शेठजी आधी लाल झाले, मग तेही हसायला लागले. "लिहा, समदे लिहा," ते म्हणाले. "पोरगी खोटं नाही बोलून राहिली." त्यानंतर तर नुसतं बसायला आलेले लोकही काठी मागायला लागले. माइकवरून आपली टर उडणं हाही त्यांना मानच वाटला. माझं यातनांचं भाषण पर्समध्येच राहिलं.

शेवटी कर्नलसाहेबांनीच तिच्या हातात काठी दिली. मी "नाही, नाही" करत धावले. ती माझ्याकडं पाहीचना. पहिला फटका हुकला, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मऊ मऊ, आजाऱ्याच्या घरी बोलतात तशा.

"ताईंचे फटके मोजू नका," कर्नलसाहेब म्हणाले. "त्यांना माफ."

तिनं काठी खाली टेकवली. "माफी कायची साहेब? शेठजीचे मोजले ना, माहेबी मोजा. अन् हुकलं तं टाळ्या वाजवू नका."

मग अनवाणी शेठजीच मोठ्यानं मोजायला लागले. ती हुकली, पुन्हा हुकली, मग फटका लागला, चेंडूमागं धावली, धापा टाकत हसली. तिला धावताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. चेंडू नारळाच्या चिखलात जाऊन रुतला, तेव्हा तिनं पर्स उघडली आणि सगळ्या फटक्यांचे पैसे भरले.

दोन दिवसांनी अकोल्याहून तिच्या शेजारणीचा फोन आला. मी मिळेल ती एसटी धरून गेले. दवाखान्यात ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, हाताला सलाईन लावलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी काय काय झालं? तिनं दातओठ खात सगळं सांगितलं. वारा, धावणं, बोलण्याच्या नादात पाणी प्यायचं राहिलं ते. एक गोष्ट लपवली नाही. बाई लिहून घेऊन गेल्या आणि माझा बांध फुटला.

"पाह्यलं?" मी म्हटलं. "झालं आता तुझं समाधान?"

तिनं डोळे उघडले. कळ जाईपर्यंत थांबली.

"हो ताई," ती म्हणाली. "झालं."