दोन चुलींची मावशी

बोलता बोलता हातातला विळा जमिनीत खुपसायची मावशीला सवय होती. समोरच्याचे पाय आपोआप मागे सरकायचे. "माजं मी बघून घीन," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि ती खरंच बघून घ्यायची.

मळवलीत मी ज्या बंगल्यांची देखरेख करतो, तिथे ती झाडलोट करायची. नवरा गेल्यावर तिला निराधारचा पगार सुरू झाला. पुढे शेजारच्या बंगल्याचा अबोल वॉचमन तिच्या खोलीत राहायला आला. पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, की पगार बंद, हे ती पक्कं जाणून होती. म्हणून तिने एकाच खोलीत दोन चुली मांडल्या. आमच्याकडे चूल वेगळी म्हणजे घर वेगळं. जेवायला मात्र दोघं एकाच ताटात बसायची.

नवऱ्यामागे तिच्याकडे राहिलेली ती खोली दिराला हवी होती. दुसरं घर केलेल्या बाईला पहिल्या घरात जागा नाही, असं त्याचं म्हणणं. तिने पाट लावल्याची त्याने तक्रार केली. तलाठी चौकशीला आले तेव्हा दोन्ही चुलींवर भात रटरटत होता. हसू दाबत ते परत गेले.

दुसऱ्या सकाळी दीर पहार घेऊन आला. एक चूल फोडली. दुसरीवर पहार उगारली तसा वॉचमन मध्ये पडला आणि घाव त्याच्या डोक्यात बसला. मावशीने चुलीतलं पेटतं लाकूड ओढून दिराच्या तोंडावर हाणलं. तो आडवा झाला तरी ती हाणतच राहिली. मी पोचलो तेव्हा राखेत रक्त कालवलं गेलं होतं.

मारणारा दीर आणि मार खाल्लेला वॉचमन, दोघांना एकाच गाडीत घालावं लागलं, कारण गाडी एकच होती. पुढे दीर विव्हळत होता आणि मागून मावशी त्याच्या सीटला लाथा घालत होती.

दवाखान्यात वॉचमनचे कागद भरताना नर्सने मावशीला विचारलं, पेशंट तुमचा कोण? पलीकडच्या बाकावर दीर कान देऊन होता. शेजारी आहे म्हण, असं मी पुटपुटलो. ती दिराकडे बघत मोठ्याने म्हणाली, "बायको हाय मी त्येची. लिवा."

वॉचमन वाचला नाही. दीर तुरुंगात गेला, पण पगार बंद झालाच. आता हाही नवरा मेला, तर पगार पुन्हा सुरू करा, म्हणून मी कचेरीत भांडलो. साहेब म्हणाले, आधी लग्नाचा पुरावा आणा. त्यांचं टेबल उलथून टाकावं असं मला वाटलं.

मावशी वराळ्याला बांधकामावर निघाली. टेम्पोत चढताना थांबली.

"भाऊ, दवाखान्यात मी म्हणले त्ये त्येला ऐकू गेलं असंल का वो?"

"गेलं," मी म्हणालो. तो गाडीतच बेशुद्ध झाला होता.