माय, पाय, बाय

माझ्या लेकीने मला आजवर हजारो हाका मारल्या असतील. मला हवी असलेली एक हाक तिच्या तोंडून आली की नाही, हे मात्र मला अजून माहीत नाही. जन्मापासून ऐकू न येणारी मुलगी 'आई' म्हणते, यावरच आमच्या दारव्ह्यातल्या बायकांचे डोळे भरून येतात. मी पडले हावरट. मला 'माय' हवं होतं.

मी माझ्या आईला माय म्हटलं, तिने तिच्या आईला माय म्हटलं. मला वाटलं, मलाही ते आपोआप मिळेल. लेक अडीच वर्षांची झाली तेव्हा तिच्या कानांना यंत्रं लागली आणि यवतमाळच्या शाळेत तिला बोलायला शिकवणं सुरू झालं. आम्ही रोज एसटीने जायचो. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "खुणा करू नका. उजेडात, तिच्या समोर बसून बोला. आणि घरी-शाळेत एकच भाषा ठेवा. इथे 'मला' आणि घरी 'मले' केलंत, तर पोरीचा गोंधळ होईल."

घरी आले आणि पुस्तकासारखी बोलू लागले. "तुला भूक लागली आहे का? मला वाटी दे." सासूबाई तूर निवडत होत्या. त्या थांबल्याच.

"काहून वं, अशी काहून बोलून राह्यली? पाव्हणे आले का घरी?"

नवऱ्याला तर मिशी काढावी लागली, कारण मिशीखाली ओठ दिसत नाहीत. तो आठ दिवस माझ्यावर फुगून होता, जसा काही वस्तरा मीच चालवला.

'आई' तिला सहा महिन्यांत आलं. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच दिवसापासून अभ्यास उरकला की तिला आरशापुढे बसवून गुपचूप 'माय' शिकवू लागले. ती माझ्या ओठांकडे टक लावून बघायची आणि म्हणायची, "पाय." वर शहाण्यासारखा पाय पुढे करायची. माझा राग नाकावरच असतो. "नीट बघ ना! एवढं साधं कळत नाही?" मी ओरडायची, आणि ती दुसरा पाय पुढे करायची.

शेवटी बाईंसमोर कबुली दिली. त्यांनी आवाज न काढता तीनदा ओठ हलवले आणि विचारलं, "काय म्हणाले मी?"

"मामा, मामा, मामा."

"पापा, बाबा, मामा," बाई हसल्या. "प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. तुम्हाला ऐकू येतं म्हणून कळतात."

मग त्यांनी तोंडापुढे कागदाची पट्टी धरली. 'प' म्हणताच ती फडफडली. 'म'साठी त्यांनी लेकीचं बोट माझ्या नाकाच्या कडेला टेकवलं. मी म्म्म म्हटलं, नाक थरथरलं, आणि पोरगी खुदकन हसली. "पण ताई," बाई म्हणाल्या, "तिला आई येतंय ना? सध्या एका माणसाला दोन नावं नकोत." त्यांचं बरोबरच होतं. मी तो नाद सोडला.

पुढे ती छान बोलायला लागली, अगदी मला-तुला करत. आठवडी बाजारात भाजीवाली विचारायची, "पोरगी पुण्याची हाय का?" मला हसू यायचं आणि आत कुठेतरी तुटायचंही. घरच्या लग्नात सगळे मले-तुले करत हसायचे आणि ही एका ओठावरून दुसऱ्या ओठावर नजर फिरवत बसायची. मग माझ्याकडे बघायची. तिला भाषा देताना आमचीच बोली मी तिच्यापासून लांब ठेवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

यंदा ती शिकायला नागपूरला गेली. सोडायला मी स्टँडवर गेले होते. एसी बस, सगळ्या काचा बंद. ती खिडकीशी बसली, माझ्याकडे वळली आणि तिने एकच शब्द उच्चारला. मला काहीच ऐकू आलं नाही, फक्त ओठ मिटून उघडलेले दिसले.

बाय? की माय?

मैत्रिणींना ती बायच म्हणते. मी तिच्या बोटाकडे बघत राहिले, नाकाशी जातं का म्हणून. पण एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसरा ती हलवत होती. नीट बघत होते मी, अगदी नीट. मला कळलं नाही.

संध्याकाळी मोबाइलवर लिहिलं, 'काचेतून काय म्हणालीस?' आणि न पाठवताच पुसून टाकलं. उत्तर 'बाय' आलं असतं, तर मला ते सोसलं नसतं.

बस हलली तेव्हा मात्र मी ओ दिली होती, शेजारच्या बसचा कंडक्टर वळून बघेल इतक्या मोठ्याने.