चुलतभावाने दिलेले लायनर

दुष्काळात ढोकीजवळचं तळं आटलं आणि त्याच्या कडक तळात आम्ही मोटारसायकलींच्या शर्यती लावू लागलो. वळणावर ज्याचे ब्रेक धरतील, तो जिंके. अशाच एका शर्यतीआधी माझ्या चुलतभावाने धाराशिवहून ब्रेकचे नवे लायनर आणले आणि एक जोडी मला दिली.

"लई भारी हायत. बसवून घे."

माझा खरा सामना त्याच्याशीच होता. मग हा उपकार कशाला?

लायनर बसवून मी गुपचूप तळ्यात गेलो. आधी ब्रेक छान लागले. फेऱ्या वाढल्या तसा जळका वास आला आणि कितीही दाबलं तरी गाडी थांबेना. शेवटी ती काठाच्या भुसभुशीत मातीत घातली, तेव्हा थांबली. तसाच त्याच्या दारात गेलो.

"मला पाडायचं ठरवलं होतंस व्हय?"

पान्याने त्याने स्वतःच्या गाडीचं चाक उतरवलं. आत तसलेच लायनर होते.

"हे आत्ताच बसवले नसतील कशावरून?"

"चल, मागं बस."

तळ्यात त्याचीही गाडी तशीच थांबेना, तेव्हा तो दोन्ही पाय जमिनीला घासत ओरडू लागला. ते मात्र सोंग नव्हतं. धाराशिवच्या दुकानदारानेच त्याला नकली माल दिला होता.

जुने लायनर परत बसवून आम्ही शर्यत खेळलो. तो जिंकला. त्याचं चाक उघडून बघावं असं फार वाटलं, पण मी गप्प बसलो.