आप्पांच्या खिडकीला मी फोम मारला

माझ्या डोक्याकडं असं चोरून चोरून बघू नका राव. सरळ विचारा की! आणि हातातला चहा आधी खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या हेडमास्तरांनी अख्खा कप स्वतःच्या शर्टावर ओतून घेतलाय.

चूक माझीच. शंभर टक्के माझी.

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, अगदी रस्त्याला लागून. पुढच्या खोलीला गल्लीकडची लाकडी खिडकी आहे आणि त्या खिडकीत आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे संपावर. नोकरीत असताना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. येणारी प्रत्येक उसाची गाडी तोलून आत सोडायची. आता कॉटवर बसून गल्लीतनं जाणारा प्रत्येक माणूस तोलून पुढं सोडतात. "काय पावणं, कुणाकडं?" "आनंदा, पोरीचा निकाल काय लागला रं?" सकाळी सहाला खिडकी उघडते, ती रात्रीच्या जेवणाच्या वेळेपर्यंत. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा आप्पा त्या खिडकीवर जगतात, हे मला कळायला हवं होतं.

पण चौकट आणि भिंत यांच्या मधे बोटभर फट. यंदाच्या पावसात तिथनं पाणी यायचं, थेट आप्पांच्या उशीवर. एका सकाळी ओली उशी आणि खोकणारे आप्पा बघितले आणि मला गलबलून आलं. गवंड्याला फोन लावावा, तर पावसाळ्यात तो फोन उचलतोय कशाला! म्हटलं, आपणच करू. हायस्कुलात विज्ञान शिकवतो मी. एक फट बुजवता येऊ नये?

हार्डवेअरच्या दुकानात फोमचा डबा मिळाला. नळी लावायची, दाबायचं, फटीत फेस भरायचा, की झालं काम. दुकानदार म्हणाला, "सर, फट निम्मीच भरा. ह्यो फोम मागनं फुगतोय."

आता तुम्हीच सांगा, कोल्हापुरात निम्मं कोण वाढतं? आमच्याकडं पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी बोटांच्या मधनं रस्सा ओततात. आणि बापाच्या खिडकीला मी निम्मं भरू? एक डबा पुरायचा तिथं दोन घेतले!

रविवारची दुपार. मटण खाऊन सगळी पेठ झोपलेली. पावसानं जरा उघडीप दिली होती. वासाचा त्रास नको म्हणून आप्पांना आतल्या खोलीत बसवलं. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणं खिडकीच्या दारांवर आतनं वर्तमानपत्र चिकटवलं आणि हातमोजे घालून सुरू झालो. फस्स... फस्स...

"अहो, बास की आता," आमची वैशाली दारातनं म्हणाली.

"तुला यातलं कळत नाही. फट राहता कामा नये!"

दोन्ही डबे रिकामे केले. काम इतकं झकास दिसत होतं, की मी दोन पावलं मागं सरलो आणि आपसूक मिशीला पीळ दिला. हातमोज्यासकट! हातमोज्यावर काय होतं? फोम. मग वरची कड बघायला चौकटीखाली वाकलो, तर एक भलामोठा गोळा टपकन डोक्यावर. म्हटलं, असू दे, नंतर धुऊ.

दहा मिनिटांनी फोम फुगायला लागला. फटीतनं बाहेर आला, दारांवर चढला, बिजागऱ्या गिळल्या, कडी गिळली आणि दगडासारखा घट्ट झाला. पदार्थाचे प्रसरण हा धडा मी सतरा वर्षं शिकवतोय. आकृतीसह!

खिडकी काही उघडेना. मी ओढली, वैशालीनं ओढली. शेवटी भिंतीला पाय लावून ओढली, तर मूठच हातात आली आणि मी कॉटवर उताणा.

आवाज ऐकून आप्पा वॉकर टेकत टेकत आले. खिडकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आप्पा, उद्या उघडतो."

"माझं तोंडच बंद केलंस की रं," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. जेवले नाहीत. सकाळी चहाही निम्मा ठेवला. फार वाईट वाटलं हो. ज्यांच्यासाठी केलं, त्यांचंच जग मी बंद केलं होतं.

पण आधी माझ्या डोक्याचं काहीतरी करायला हवं होतं. तिथं लिंबाएवढा टणक गोळा, मिशीत दुसरा. खोबरेल झालं, रॉकेल झालं. वैशाली म्हणाली, "आता वस्तराच."

गल्लीच्या कोपऱ्यावर सलून आहे. पण सोमवारी सकाळी तिथं पेपर वाचायला निम्मी पेठ असते. आयुष्यभर नावं ठेवली असती! म्हणून शाळेला रजा टाकली, डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळला आणि स्कूटरवरनं थेट गावाबाहेरचं कळंबा गाठलं. तिथला कारागीर म्हणाला, "सर, मधलंच काढलं तर लई वंगाळ दिसंल."

"सगळंच काढा. मिशीपण."

तासाभरानं परत आलो. गुळगुळीत डोकं, मिशी साफ, खांद्यावर पांढरा टॉवेल. त्यात आप्पांची खिडकी कालपासून बंद. आलं ना लक्षात? अख्ख्या गल्लीच्या आलं. फक्त विज्ञानाच्या मास्तराच्या आलं नाही!

समोर बंडूकाकांची पिठाची गिरणी आहे. काका पिठानं भरलेले तसेच बाहेर आले, माझ्याकडं बघत राहिले आणि एकदम मिठीच मारली.

"कवा रं?"

मला वाटलं, फोमची बातमी फुटली. "काल दुपारी, काका."

"आणि आमास्नी हाक बी मारली न्हाईस?"

"लाज वाटली ओ."

"लाज कसली त्यात! एकट्यानंच केलंस समदं?"

"व्हय. व्हिडिओ बघून."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "काय दिवस आलं बाबा!"

अर्ध्या तासात दारात पांढऱ्या टोप्या जमायला लागल्या. मला वाटलं, एका खिडकीसाठी एवढी माणसं? आपल्या पेठेत माणुसकी आहे राव! काकांच्या सुमनकाकी पिठलं-भाकरीची पाटी घेऊन आल्या. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं असतं. त्यांनी वैशालीला गळ्याशी धरून हुंदका दिला. वैशालीला वाटलं, नवऱ्याच्या डोक्याची दशा बघून रडतायत. मग तीही रडली!

तेवढ्यात कुणीतरी हळूच विचारलं, "सर, रक्षाविसर्जन उद्याच न्हवं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बोलायला तोंड उघडतोय, तोच आतनं टक्... टक्... वॉकरचा आवाज. आप्पा उंबऱ्यात उभे.

"कोण गेलं रं?"

सुमनकाकी मटकन खाली बसल्या. आप्पांनी टोप्या बघितल्या, भाकरी बघितली, मग माझं डोकं बघितलं. आणि हसायला लागले. असे हसले, की ठसका लागून डोळ्यांतनं पाणी आलं. कालपासून भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस तो!

"बंडू, बघतोस काय? खिडकी फोड आधी!"

काकांनी पटाशी आणली, कुणी करवतीचं पातं आणलं. टोप्या खिशात गेल्या आणि आप्पांना खांदा द्यायचा राहिला म्हणून जी माणसं हळहळत आली होती, त्यांनी खिडकीला खांदा लावला. तासाभरात दारं उघडली. आप्पा कॉटवर बसले आणि स्वतःच्या दुखवट्याच्या दोन भाकरी पिठल्यासंगट गल्लीकडं बघत चवीनं खाल्ल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. खोटं कशाला सांगू?

पण बातमी पेठभर गेलेली, ती काय परत येते? अजूनही रोज कुणीतरी खिडकीपाशी दचकून थांबतं. "आप्पा, तुमी हायसा व्हय! मग सरांनी डोकं कुणासाठी भादरलं?"

आणि आमचे आप्पा, मी आत आहे हे बघून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "त्येच्या अकलेसाठी! ती लहानपणीच गेलती, विधी तेवढा ऱ्हायला हुता!"