रंगावरचा अर्थ

लष्करी गाड्यांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे 'करंट' म्हणत. वायरिंगचं काम करायचा म्हणून नव्हे, जवळ जाईल त्याला झटका बसायचा म्हणून. काम मात्र चोख, बोट ठेवायला जागा नाही. निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं, आणि ते तो समोरच्याचे कान किटेपर्यंत सांगायचा. नव्या वायरमनला पहिला धडा ठरलेला: "आधी रंग खरवड, मग अर्थ दे. रंगावर दिलेल्या अर्थाला काही अर्थ नसतो!" अर्थ म्हणजे अर्थिंग, विजेची परतीची वाट. ती उघड्या लोखंडाला भिडली नाही, तर वीज भलत्याच तारेत घुसते. या विनोदावर सगळ्यांत आधी तोच हसायचा.

त्याचे भावोजीही तिथेच फिटर. गाडीवरची तोफ ज्या बुरुजात बसते, तो फिरवणारे गिअर ते बसवायचे. अबोल माणूस. लग्न न झालेल्या या मेव्हण्याला त्यांनी वर्षानुवर्षं घरात ठेवून घेतलं होतं, पण कधी चकार शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं.

एका नव्या गाडीच्या चाचणीला आक्रीतच घडलं. वायरलेसवर कुणी बोललं, की बुरूज आपोआप हिसका मारून फिरायचा. साहेब भडकले. "चूक कुणाची?"

"माझ्या कामात चूक? शक्यच नाही!" करंट सगळ्यांदेखत म्हणाला. "गिअर ढिले असतील. विचारा आमच्या भावोजींना. वय झालं, हात थरथरतात त्यांचे."

माणसं खो खो हसली. भावोजींनी निमूटपणे गिअर उतरवले, दातान् दात तपासला, काही सापडलं नाही म्हणून पुन्हा होते तसे बसवले.

ते हात धुवायला गेले, तेव्हा करंट सहज दिवा घेऊन गाडीखाली वाकला, तर काय! अर्थची पट्टी चकचकीत रंगावर आवळलेली. त्याच्याच हाताने! घाईत खरवडायचं राहूनच गेलं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, रंग खरवडला, पट्टी पुन्हा आवळली आणि दिवा विझवून बाजूला झाला.

झालं, बुरूज सुतासारखा सरळ! "बघा, गिअर नीट बसवल्यावर कसा ठीक झाला," साहेब म्हणाले. आता तर दोष भावोजींचाच ठरला. त्यांना गाड्या धुवायला धाडलं. करंटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सांगायला जीभ रेटेना.

त्या दिवशी जेवताना भावोजी दोन्ही हात पुढे धरून बघत बसले. "खरंच थरथरतात का रे? मला तर दिसत नाही. उद्या नोकरी सोडतो. त्या गाडीत माणसं बसतात, माझ्यापायी कुणाचा जीव जायला नको."

करंटने हातातला घास खाली ठेवला. "भावोजी, तुमचे हात ठीक आहेत. अर्थ मी रंगावर दिला होता. नंतर गुपचूप रंग खरवडला. चुकलो मी, मला माफ करा."

आता ताटच अंगावर येणार, असं त्याला वाटलं. पण भावोजींचा चेहरा उजळला. "अगं, ऐकलंस का?" त्यांनी बायकोला हाक मारली. "माझे हात ठीक आहेत!" रागाचा मागमूस नाही. त्या आनंदाकडे बघताना करंटला लाजेने मान वर करवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

ताई मात्र हसली नाही. "चारचौघांत नाक कापलंस यांचं," ती म्हणाली, "आणि माफी स्वयंपाकघरात मागतोस होय रे?"

सकाळी सगळे त्याच गाडीपाशी जमले. एरवी करंटचा आवाज गेटपर्यंत जायचा. आज पायांकडे बघत तो कसाबसा बोलला, "अर्थ मी रंगावर दिला होता. भावोजींची काही चूक नव्हती."

"मोठ्याने बोल की!" मागून कुणीतरी ओरडलं. "काही ऐकू येत नाही!"

मग त्याने मान वर केली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.