देवकाबाईचा हात आणि खेमराजची मान

देवरीपासून तीन कोसांवरच्या गावात देवकाबाई हाडं बसवायची. मनगट सुटलं, खांदा निखळला, बैलाचा पाय मुरगळला, तर लोक तिच्याच अंगणात यायचे. बाप चैतराम हेच काम करत होता. पोरगा नव्हता म्हणून त्यानं पोरीला शिकवलं. बांबूच्या कामट्या किती घट्ट बांधायच्या, सूज कुठवर थांबू द्यायची, सगळं तिला डोळे मिटून कळायचं. फक्त मानेला ती झटका द्यायची नाही.

त्याला कारण होतं. ती बारा वर्षांची असताना झाडावरून पडलेल्या एका लाकूडतोड्याची मान बापानं दोन्ही हातांत धरून फिरवली होती. कट् असा आवाज आला, बघणारे खूश झाले, आणि त्या माणसाची डावी मूठ पुन्हा कधी वळली नाही. चैतराम दोन दिवस जेवला नाही. नंतर पोरीला म्हणाला, "मानंले शेक दे, तेल लाव, आधार दे. पण झटका देशीन तं माह्या हातचं शिकली म्हणून सांगू नको."

ती आता पंचावन्नची झाली होती आणि त्या शब्दाला तिनं बट्टा लावला नव्हता. त्रास एवढाच होता, की लोकांना झटकाच हवा असायचा.

छप्पन सालच्या जेठ महिन्यात खेमराज आला. शेजारच्या गावचा, कोहळी समाजाचा शेतकरी, तळ्याच्या पाण्यावर पाच एकर धान पिकवणारा, अंगानं धिप्पाड आणि जिभेनं तिखट. गोंदियाहून येताना त्याची बस रस्त्यात गुरं आडवी आली म्हणून थांबली आणि मागून लाकडांचा ट्रक येऊन आदळला. खेमराजचं डोकं आधी मागे गेलं, मग पुढे. रक्ताचा थेंब नाही. उलट त्यानंच उतरून ड्रायव्हरला शिव्या घातल्या आणि उरलेली वाट पायी चालत घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खाटेवरून डोकं उचलता येईना. बायको प्रेमिलानं मागून हाक मारली, तर तो अख्खं धड फिरवून बघू लागला. गोंदियाच्या डॉक्टरनं तपासलं, हाड शाबूत आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि आराम करायला लावला.

"जे लागलं ते दिसत नाही, अन् जे दिसत नाही त्याले कोणी लागलं म्हणत नाही," खेमराज चिडून म्हणाला. "माहा भाऊ म्हणते, मी नाटक करून राहिलो."

देवकाबाईनं मानेवरून बोटं फिरवली. दोन्ही बाजूंच्या शिरा ताणलेल्या दोरीसारख्या लागत होत्या. तिनं भाताचा कोंडा तव्यावर गरम केला, फडक्यात बांधून शेक दिला, मोहाच्या बियांचं तेल हलक्या हातानं जिरवलं आणि जुन्या लुगड्याची सुरळी मानेखाली ठेवून निजायला सांगितलं.

"रोज ये. चाळीस दिस लागतीन."

"चाळीस? आठ दिसांत रोपाले धानाचे पऱ्हे टाकाचे आहेत मले!"

"टाकू दे दुसऱ्याले."

तो दहा दिवस आला. मान बोटभर वळू लागली होती. अकराव्या दिवशी त्यानं विचारलंच, "मावशी, आवाज काऊन नाही आला?"

"कायचा आवाज?"

"हाड बसल्याचा. कट् करून येते ना?"

"हाड सुटलंच नाही तं बसवू काय? नसा ताणल्या तुह्या!"

खेमराज मान चोळत उठून गेला. देवकाबाईला कळून चुकलं, की हा आता येणार नाही. तो आलाही नाही. आठवडी बाजारात गोंदियाचा भैयाजी नावाचा मालिशवाला बसायचा. त्याच्या चटईवर जाऊन खेमराजनं मान दिली. भैयाजीनं हनुवटी धरून डावीकडे एक हिसडा मारला, उजवीकडे एक. आवाज पाच दुकानं ओलांडून ऐकू गेला म्हणतात. खेमराज सरळ मानेनं घरी आला आणि वाटेत भेटेल त्याला डोकं फिरवून दाखवत सुटला. देवकाबाईच्या घरासमोरूनही गेला. तिनं पाठ फिरवली आणि सुपातले तांदूळ उगाच पुन्हा पाखडले.

चौथ्या दिवशी प्रेमिला त्याला बैलगाडीत आडवं घालून घेऊन आली. उजव्या हाताच्या तीन बोटांना मुंग्या येत होत्या, लोटा धरवत नव्हता.

"आता कायले आला?" देवकाबाई ओरडली. "जा त्याच्याकडे! आवाज आयक अजून!"

प्रेमिला रडू लागली. देवकाबाईनं खेमराजचा हात धरून पाहिला. तिला लाकूडतोड्याची मूठ दिसली. "हे माह्या हातचं नाही," ती प्रेमिलाला म्हणाली. "आधी डॉक्टर. आजच्या आज. तो हो म्हणंल तवाच शेक देईन."

डॉक्टरनं गळ्यात कातडी पट्टा घातला आणि उठबस बंद केली. शेक चालेल म्हणाला. मग देवकाबाई रोज खेमराजच्या गावी चालत जायची. पाऊस, चिखल, ओढ्याला पाणी, तरी गेली. शेतात बाया रोवणी करत होत्या आणि धनी खाटेवर पडल्या पडल्या आढ्याला शिव्या देत होता. त्यातल्या अर्ध्या शिव्या तिच्या वाट्याला यायच्या, कारण समोर तीच असायची. पोळ्याच्या सुमारास मुंग्या थांबल्या. दसऱ्याला त्यानं विळा धरला.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. देवकाबाई भज्यांच्या दुकानाशी उभी होती. पाठीमागे खेमराजचा खणखणीत आवाज आला. तो चारचौघांना मान फिरवून दाखवत होता.

"भैयाजीचा झटका! अंगाले लागाले वेळ लागला, पण लागू पडला."

तिच्या हातातला द्रोण तसाच राहिला. प्रेमिला लगबगीनं जवळ आली, हळूच म्हणाली, "मले ठाऊक आहे, मावशी."

"तुले ठाऊक असून काय उपेग? त्या चौघांले कोण सांगन?"

प्रेमिला वळून नवऱ्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

पुढच्या बाजारी त्या चौघांतले दोघं भैयाजीच्या चटईपाशी रांगेत होते. देवकाबाई तिथं जाऊन शेजारी फतकल मारून बसली.

"पाठ दाबून घ्या, पाय दाबून घ्या," ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली. "मान देऊ नका."

लोक हसले. भैयाजी म्हणाला, "क्या अम्मा, आपके यहाँ कोई आता नहीं क्या?"

ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत घसा बसला. सात जणांनी मान दिली. सालई गावची एक म्हातारी तेवढी थबकली, मान चोळत तिच्यापाशी येऊन विचारू लागली, "मंग काय करू, माय?"

देवकाबाईनं तिला कोंड्याच्या शेकाचं सांगितलं, सुरळी कशी करायची ते पदर गुंडाळून दाखवलं, आणि चिडचिडतच घरची वाट धरली. पुढच्या बाजारी ती पुन्हा जाऊन तिथंच बसली.