टाचेचे दोन ठोके

खो-खो बघायला येणारे पळणाऱ्या मुलींसाठी टाळ्या वाजवतात. बसणाऱ्यांना कुणी विचारत नाही. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे, आणि नववी पाठलाग करत पळते. ती मागून येऊन पाठीला हात लावून ‘खो’ म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. आधी उठलात तर फाउल. पाठीमागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, मागची जे करेल ते खरं.

मी आणि माझी मैत्रीण इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागात एकाच गल्लीतल्या, पहिलीपासून एका बाकावरच्या. तिच्या आईनं केलेली साबुदाण्याची खिचडी मला घरच्यापेक्षा जास्त आवडायची, आणि हे माझ्या आईलाही माहीत होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघींनी एक चोरीची युक्ती शोधून काढली. ती माझ्या मागे आली की खो देण्याआधी टाच दोनदा जमिनीवर आपटायची. ठोके ऐकले की मी उठायला लागायचे, आणि हात लागेपर्यंत माझा गुडघा जमिनीवरून सुटलेला असायचा. अंपायरच्या लक्षात यायचं नाही. तेवढ्याशा फरकानं समोरची हाती लागायची. हातोदला झालेल्या पहिल्याच सामन्यात आम्ही दोघींनी मिळून पाच जणी बाद केल्या. येताना बसमध्ये एका कचोरीचे दोन तुकडे करून खाल्ले आणि खिदळत राहिलो. खेळाच्या सरांनाही आम्ही काही सांगितलं नव्हतं.

पूर्ण सीझन आम्ही असाच मारला. फायनलला मात्र युनिव्हर्सिटीची टीम निवडणारे येऊन बसणार होते. आपल्या कॉलेजातून फार तर एक जण घेतील, असं सरांनी आधीच सांगितलं होतं, आणि ती एक म्हणजे मी किंवा ती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझे बाबा सांवेर रोडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांचा हिशेब सरळ होता: निवड झाली तर बी.पी.एड. कर, खेळाची टीचर हो, मी अडवणार नाही. नाही झाली तर आमच्या डिस्पॅचमध्ये जागा आहे. हे मी फक्त तिला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, कुणीही जावो, दुसरीनं रडायचं नाही. मी लगेच कबूल केलं, कारण मीच जाणार याची मला खात्री होती. खोटं कशाला सांगू?

फायनलमध्ये आमची पाठलागाची पाळी सुरू झाली आणि थोड्याच वेळात माझ्या मागे ठोके पडले. मी उठले. हात आलाच नाही. ती माझ्या पाठीमागून तशीच पुढे निघून गेली होती. शिट्टी वाजली, फाउल. मला वाटलं, घाईत तिचा बेत बदलला असेल. दुसऱ्यांदा ठोके पडले, मी उठले, पुन्हा शिट्टी. सर कडेनं ओरडले, ‘बेटा, खो कान से नहीं, पीठ से लेते हैं।’ निवड करणाऱ्यांपैकी एकानं खाली बघून काहीतरी लिहिलं. तिसऱ्यांदा ठोके ऐकून मी गच्च बसून राहिले. ह्या वेळी पाठीवर हात पडला, खणखणीत खो मिळाला, आणि मी बसलेलीच. पळणारी लांब निघून गेली. सरांनी मला बदलून बाहेर बसवलं.

सामना आम्ही जिंकलो. तिनं एकटीनं चार जणी टिपल्या. ट्रॉफीच्या फोटोत मी तिच्या शेजारी उभी आहे, तिचा हात माझ्या खांद्यावर आहे.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी विचारलं. ती चपलेचा पट्टा नीट करत म्हणाली, ‘तू उठलीच कशाला यार? मी खो दिलाच नव्हता ना.’

नियमानं तिचं बरोबर होतं. मी सरांकडे जाऊन काय सांगणार? की सर, आम्ही पूर्ण सीझन खो मिळण्याआधी उठत होतो, आणि आज हिनं मला फसवलं? चोराच्या उलट्या बोंबा म्हणाले असते. निवडीच्या यादीत तिचं नाव आलं. मी रडले नाही, कबूल केलं होतं ना. महिनाभरात मी डिस्पॅचच्या टेबलावर बसून ट्रकांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, तपासायला लागले, अजून तपासते. तिच्या घरची खिचडी सुटली, तिची गल्ली मात्र सुटत नव्हती, कारण ती माझीच होती. मग तिचं लग्न होऊन ती निघून गेली आणि मला बरं वाटलं.

गेल्या वर्षी माझी भाची शाळेच्या खो-खो टीममध्ये गेली. एक दिवस जेवताना म्हणाली, ‘मावशी, आमच्या मॅडमनी एक मस्त ट्रिक शिकवली. किसी को बताना नहीं हां.’ आणि ताटासमोर बसल्या बसल्या तिनं टाच दोनदा फरशीवर आपटली. मॅडम कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

मी भाचीला सामना कधी आहे ते विचारून घेतलं. सामन्याच्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून गेले. भाचीची मॅडम कडेला उभी होती, गळ्यात शिट्टी, अंग थोडं भरलेलं. तिनं मला पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मधल्या पट्ट्यात माझी भाची पाठ करून बसली होती आणि तिच्याच वर्गातली एक मुलगी मागून धावत येत होती. ठोके पडले, भाचीचा गुडघा सुटला.

पाठीवर हात पडला. खो मिळाला. मी शेवटच्या शिट्टीपर्यंत मोजत उभी राहिले. सहा वेळा ठोके पडले, आणि त्या मुलीनं सहाही वेळा खो दिला.